रजिस्टरमधली सही

अहो सुमाचे अप्पा,

ज्वारीच्या रोट्या फडक्यात आहेत, भरल्या वांग्याचं एण्णेगाई झाकून ठेवलंय.

शाळा समितीचं रजिस्टर मी आज सकाळी बघितलं. मी माहेरी असताना हेडमास्तर घरी आले आणि ‘कस्तूरी टीचर नकोत, पालकांचं एकमत’ या ठरावावर तुम्ही अध्यक्षांची, म्हणजे माझी, सही ठोकून दिलीत. बैठक झालीच नव्हती! आपल्या सुमाला वाचायला कोणी शिकवलं, हेसुद्धा आठवलं नाही?

आज अकरा वाजता शाळेत पालक आणि शिक्षक सगळे जमतील. त्याआधी येऊन तुम्हीच खरं सांगा. नाही आलात, तर त्या सहीखाली सगळ्यांसमोर मी माझी सही करीन. ती कशी असते, ते आत्ताच बघून ठेवा.

शांतव्वा