पूर्वीचे हे, आत्ताचे हे

९ ऑक्टोबर, शनिवार दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? चिमणी मजेत आहे. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे बोलताना नुसती शिटी वाजते.

ह्यांचंही बरं चाललंय. लिफ्ट दुरुस्त करताना खड्ड्यात पडले तेव्हा वाटलं नव्हतं इतकी सुधारणा आहे. डोक्याची जखम भरली. चालतात, वाचतात. नवल म्हणजे सकाळी मला चहा करून देतात, चिमणीच्या वेण्या घालतात, वाकड्यातिकड्या. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणतात, "अपघाताने माणूस सोन्याचा झाला गं तुझा." मी हसते.

डॉक्टरांनी मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मला वाटलं, शाईचे डाग दाखवून काहीबाही विचारतील. पण साधी वाक्यं होती. 'लवकर चिडतात.' 'दुसऱ्याचं ऐकून घेतात.' प्रत्येकापुढे एक ते पाच आकडा घालायचा, एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे नेहमीच. एकदा अपघाताआधीचे हे, एकदा आत्ताचे. ह्यांनी स्वतःबद्दल, मी ह्यांच्याबद्दल. हे शेजारच्याच खुर्चीत होते, ह्यांचा कागद मला दिसत होता. 'लवकर चिडतात'पुढे मी आधीसाठी एक घातला. ह्यांनीही एकच घातला होता. त्यांना खरंच आठवत नाही, ताई.

पुढच्या खेपेला बाईंनी मला एकटीला आत घेतलं.

"दोघांची उत्तरं तंतोतंत जुळतात. एका घरातल्या माणसांची अशी कधी जुळत नाहीत. कोणाला घाबरून लिहिलंत?"

"पूर्वीच्या ह्यांना," मी म्हटलं.

तोंडातून निघूनच गेलं. मग सगळं सांगितलं, तुला कधी सांगितलं नाही तेही. तुला सांगितलं होतं तसं माझं बोट दारात सापडलं नव्हतं.

"पण आता बदललेत ना ते?" मी विचारलं.

बाई आडपडदा न ठेवता बोलल्या. स्वभाव म्हणजे एखाद्या दिवसाची लहर नव्हे. माणूस पुन्हापुन्हा, निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांशी कसा वागतो, तो स्वभाव. म्हणून तर एवढी वाक्यं, आणि दोघांना विचारायचं. डोक्याच्या माराने तो बदलू शकतो. पण मेंदू सावरला की त्यातलं काय परत येईल, हे कुठलीच चाचणी आज सांगू शकत नाही.

सगळे म्हणतात, हे पूर्ण बरे होवोत. मी रोज ह्यांच्या हातावर गोळी ठेवते आणि दोन पावलं मागे सरते.

काल संध्याकाळी चिमणीच्या हातून काचेचा पेला फुटला. हे ताडकन उठले. हात वर गेला. चिमणी टेबलाखाली शिरली, जरासुद्धा आवाज न करता. हात तसाच वर राहिला आणि मग खाली आला.

"ती का लपली?" ह्यांनी मला विचारलं. "मी मारायचो का तुम्हाला?"

टेबलाखालून चिमणीच बोलली, "हो. आईला जास्त."

हे खाली बसले. बराच वेळ काचा वेचत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही दोघी तुझ्या ताईकडे जा. मला माझा भरवसा वाटत नाही."

दुसरी कोणी असती तर रडली असती. मी दारापर्यंत किती मोकळी वाट आहे ते बघत होते. कारण ताई, पूर्वीही हात उचलून झाल्यावर हे असेच मऊ बोलायचे. कालचं बोलणं नव्या माणसाचं की जुन्याचं, मला ओळखता येत नाही. एका संध्याकाळवरून स्वभाव ठरत नाही म्हणे. नसेल ठरत. पण दुसऱ्या संध्याकाळची वाट बघायची माझी छाती नाही.

बाईंना फोन करून सगळं कळवलंय. "निघा," एवढंच म्हणाल्या. मोठे दीर आज सकाळीच ह्यांच्याजवळ राहायला आलेत. आम्ही उद्या पहिल्या गाडीने निघतो. हे पत्र टपालात टाकत नाही, हातानेच देईन. तोंडाने सांगवणार नाही. आधी वाच, मग चिमणीला जवळ घे.

हे फोन करतील. आवाज गोड असेल, कदाचित खराही असेल. तो ऐकून मी परत निघाले, तर दारात आडवी हो, ताई.

तुझीच,
धाकटी