शहाऐंशी की अठ्ठ्याण्णव

३ मार्च

किरणांच्या माऱ्यानं मंदावलेला अठ्ठ्याण्णव नंबरचा स्फटिक आज सहज पुन्हा मोजला — तर तो मापाच्या स्फटिकापेक्षा उजळ! मापाचा म्हणजे शहाऐंशी. त्याच्याशी ताडूनच मी बाकीचे पास-नापास करते. त्याला तर किरणांच्या आसपासही कधी नेलेलं नाही.

तीनदा मोजलं. तेच.

४ मार्च

दोघांना पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवलं. माझा लाडका शहाऐंशी पिवळट. अठ्ठ्याण्णव पाण्यासारखा नितळ.

मग डब्यांवरचे नंबर सोडून स्फटिकांच्या टोकांवरचे वाचले — डब्यांशी जुळेनात! दीड वर्षापूर्वी दोघांना स्पिरिटनं पुसलं होतं. उचलताना मी टेबलाच्या पलीकडे उभी. 86 उलटं वाचलं की 98, आणि 98 चं 86! दोघे एकमेकांच्या डब्यात गेले. शाळेत सिस्टर वहीवर टकटक करायच्या, "सहाच्या खाली रेघ, मुली!" त्यांचा तो जांभळ्या शाईचा पेन आठवला नि रडूच आलं.

म्हणजे दीड वर्षं मी मंद स्फटिकाशी ताडत बसले. त्याच्यापुढे कुणीही उजळच! चारशे बारा पास केले. "या वेळचा माल काय सुंदर आलाय!" म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या आम्ही. कण आदळला की स्फटिक लखलखतो, त्या उजेडावरून कणाची ऊर्जा कळते. स्फटिकच मंद, तर ऊर्जा खोटी. आणि ते सगळे ऊर्जा मोजणाऱ्या त्या यंत्रात, कॅलरीमीटरमध्ये, चिकटवून झालेत.

भाचीचा प्रबंध त्याच कॅलरीमीटरवर. सोमवारी तिची तोंडी परीक्षा.

५ मार्च

जेवताना भाची म्हणाली, "आत्या, ताटातलं गार झालं. कुठे हरवलीस?"

"कुठे नाही गं."

हिच्या वेण्या घालायचे मी. दोन्ही सारख्या झाल्या नाहीत तर पट्टी घेऊन यायची — "मोजून दाखव!"

नाही सांगितलं. भित्री कुठली!

६ मार्च

उद्या सांगायचंच. परीक्षकांनी पकडण्याआधी.

७ मार्च

आधी गोंदकाकांकडे गेले. स्फटिक चिकटवतात म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. विचारलं, "काका, दीड वर्षातले सोडवता येतील का? माझ्या हातून घोळ झालाय."

हातातली पिचकारी त्यांनी खाली ठेवली. "कुठले सोडवू? मंद होते ते ताईंनी तेव्हाच परत धाडले की."

"कोण ताई?"

"तुमची भाची! तुमचं मोजून झालं की शनिवारी येऊन त्या पुन्हा मोजायच्या. दुसऱ्या मापानं. म्हणाल्या, आत्याला बोलायचं नाही... बोललो वाटतं मी!"

जिन्यात बसून राहिले. कॅलरीमीटर वाचला. पोरगी वाचली. मग हे छातीत काय होतंय?

८ मार्च

तिच्या टेबलावरचा प्रबंध उघडला. आभारांची पहिली ओळ: 'आत्यास, जिनं मला मोजायला शिकवलं.'

पुढे एकशे सत्तर पानं. माझा एकही आकडा नाही.