काडी नसलेली गाडी

बारामती
ता. १४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. राजेश्वरीस, दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. छप्पन्नाव्या वर्षी तू गाडी शिकलीस, तुझ्या लेकानं, शिवमनं पुण्याहनं आपली जुनी जर्मन गाडी तुला देऊन टाकली, आन् भाऊबीजेला तू मला न्यायला येणार! वाचून इतका हसलो की बशीतला चहा धोतरावर सांडला. दाजी मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात म्हणं. शहाणा माणूस हाय.

पण राजे, माझी अट तुला ठाव हाय. छत्तीस वर्षं भिगवण रोडला गॅरेज चालवलं. कान तितंच गेले, म्हणून तर फोन सोडून तुला कागद खरडायला लावतो. माझ्याकडं एक ट्रकवाला यायचा. ऑइल बघितलं का, असं इचारलं की इंजिनातली तेल मापायची काडी न काढताच फुल हाय म्हणायचा. एक दिस इंजिन जाम होऊन भर उन्हात बसला बोंबलत. तवापासनं ठरवलं, ज्या गाडीचं ऑइल मी काडीवर बघितलं न्हाय तिच्यात हिंदुराव बसत न्हाय. एसटीची गोष्ट येगळी, ती सरकारची काळजी. पण आता गुडघे एसटीची पायरी चढू देत न्हाईत. दोन भाऊबिजा अशाच गेल्या. ते मला बरं वाटतं असं समजू नगंस.

तवा बॉनेट उघड, काडी काढ, फडक्यानं पूस, परत घाल, परत काढ, आन् तेल कुठवर हाय ते लिही. मग बघू. तुझी कौसल्यावहिनी सगळ्यांना इचारते. दाजींना नमस्कार, आमच्यावरची माया आटू देऊ नगंस.

तुझा,
हिंदुरावदादा

* * *

इंदापूर
ता. २० सप्टेंबर २०२५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

शोधली रे बाबा तुझी काडी! दुपारचं जेवण सोडून शोधली. बॉनेट उघडायलाच वीस मिनिटं गेली, कारण ह्यांनी ओढली ती कळ डिकीची निघाली. मग मी, हे आणि शेजारच्या सिंधुबाई, तिघंही विहिरीत कळशी पडल्यासारखे आत वाकून बघत बसलो. तेल ओतायचं झाकण सापडलं, काच धुवायच्या पाण्याचं झाकण सापडलं. काडी नाही. शेवटी शिवमला फोन लावला, तर तो म्हणतो या गाडीला काडी नसतेच. इंजिनच्या तळाला सेन्सर असतो, तो तेल मोजतो आणि समोरच्या स्क्रीनवर दाखवतो. फडकं नको की हात काळे नकोत.

आता तू चिडणार. चीड. पण तुझ्या जीपला चांगली हातभर काडी होती, रोज सकाळी अंगणात तू ती देवाच्या समईसारखी पुसायचास, तरी ती असा धूर ओकायची की गल्लीतली पोरं डासांची गाडी आली म्हणून मागं धावायची! भंगारवाल्यानं नेली तेव्हासुद्धा धूर सोडतच गेली. तेव्हा काडीचं कौतुक मला नको सांगूस.

भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला, गुरुवारी आहे. दोन वर्षं मी नुसत्या चंद्राला ओवाळतेय. चंद्र चांगला आहे, पण ओवाळणी टाकत नाही, अनारशांना नावं ठेवत नाही आणि माझ्याशी भांडतही नाही. मला तुझी फार आठवण येते दादा. ह्यांना मोतीबिंदू झालाय, ते काही गाडी चालवायचे नाहीत. मीच येणार आणि तुला माझ्या शेजारच्या सीटवर बसवून आणणार. आता नाही म्हणू नकोस.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो भांडणानं वाढवावा.

तुझी,
राजेश्वरी

* * *

बारामती
ता. २५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. राजेश्वरीस, अ. उ. आ.

सेन्सर म्हंजे सांगोवांगीच की! आतल्यानं सांगायचं आन् बाहेरच्यानं मुंडी हलवायची. आन् त्या जीपचं नाव काढू नगंस. गेलेल्या माणसाचं आन् इकलेल्या गाडीचं वाईट बोलू नये.

पण चंद्राचं वाचलं आन् जीव कसानुसा झाला. मी ते पत्र कौसल्याला दाखवलं, ही माझी चूक. दोन दिस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मला ऐकू येत न्हाय, पण तिनं टाकलेलं बोलणं बरुबर कळतं. म्हणून अर्धं पाऊल मागं येतो. स्क्रीन तर स्क्रीन. दर रविवारी बघ आन् माप कळव. तीन मापं नीट आली तर बसंन. पण खरं लिही. खोटं माप मला वासावरनं कळतं.

पोटात माया हाय, वर नुसता आवाज हाय, हे तू जाणतीस.

तुझा,
दादा

* * *

इंदापूर
ता. ८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पहिल्या रविवारचं माप: आलं नाही. दुसऱ्या रविवारचं माप: आलं नाही. सरळ फुल लिहून टाकावं असं मनात आलं होतं. पेनही उचललं होतं. मग तुझा तो ट्रकवाला आठवला आणि ठेवलं खाली.

स्क्रीन दर वेळी एकच सांगते, आता मोजता येत नाही, अजून गाडी चालवा. शिवमनं गाडीबरोबर दिलेलं पुस्तक चष्मा लावून वाचलं. या गाडीला आधी चांगलं अर्धा तास पळवावं लागतं, इंजिन तापावं लागतं, मगच ती माप सांगते. आणि इथंच माझी चोरी उघडी पडली. दादा, मी घरापासून भाजी मंडईपर्यंत जाते आणि परत येते. काटा वीसच्या वर गेलेला नाही. परवा एक सायकलवाला मला मागं टाकून गेला, वर हात करून गेला मेला! इंजिन तापायच्या आत मी घरी. मोठ्या रस्त्याला लागायचं म्हटलं की मी घाबरून गाडी घराकडं वळवते. तुला न्यायला येते असं तोंड भरून लिहिलं, आणि वाटेतलं निमगाव केतकीसुद्धा अजून गाठलं नाही. हसायचं तर हस.

पण मी आता ठरवलंय. भाऊबीजेला सकाळी निघणार. बारामती इथून पन्नासेक किलोमीटर, तोवर इंजिन काय, मीसुद्धा तापलेली असेन. माप तुझ्या दारात, तुझ्या डोळ्यांदेखत बघू. बारापर्यंत आले नाही तर समज मंडईत आहे, आणि त्या चंद्राला माझा नमस्कार सांग.

भित्री का होईना, तुझीच,
राजेश्वरी

* * *

बारामती
ता. २५ ऑक्टोबर २०२५

चि. शिवम यास, मामाचे अ. उ. आ.

बाळा, तुझी आई आली! नऊला निघाली आन् पावणेअकराला दारात. लासुर्ण्याला थांबून पाणी प्याली, भवानीनगरला थांबून पाणी प्याली, काटेवाडीला तुझ्या बापाला पाणी पाजलं. दाजींनी डोळे उघडले ते थेट माझ्या अंगणात. मी सकाळधरनं कोपऱ्यावर उभा होतो हे तिला सांगू नगंस.

लगेच स्क्रीन लावली. आमी चौघं आत डोकी घालून. तर गाडी म्हणती, मोजत न्हाय, उतारावर उभी केलीय, सपाटीला घ्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या अंगणाला उतार? ह्याच जागी सतरा वर्षं जीप लावली, रोज सकाळी काडी बघितली! तुझ्या मामीनं डोकं बाहेर काढलं. आत गेली, काठोकाठ पाण्याची परात आणली आन् फरशीवर ठेवली. पाणी एका अंगानं भळाभळा सांडलं आन् गटारीकडं धावलं.

मग डोस्क्यात उजेड पडला. त्या उतारावर काडी तेल कमी दाखवायची, आन् मी वरनं ओतत ऱ्हायचो. सतरा वर्षं! जास्तीचं तेल जळून जीप धूर ओकायची ती माझ्या हातानं. हे मी माझ्या तोंडानं कबूल केलं, तर तुझी आई हसून हसून पायरीवरच बसली. मामीला उचकी लागली. मग मलाबी हसू आवरंना. असं हसलो न्हाय रं कित्येक वर्षांत.

पण खरं सांगतो. काडी चुकायची, आन् चुकतेय असं एकदाबी म्हणाली न्हाय. ही गाडी सरळ म्हणाली की मला सांगता येत न्हाय. तुझी आईबी तसंच लिहून मोकळी झाली, की माप न्हाय आलं, मी भिते. अशा दोघींवर इश्वास ठेवायचा न्हाय तर कुणावर? दार उघडलं आन् बसलो.

मार्केट यार्डाजवळ सपाट रस्ता लागला तवा तिनं गाडी उभी केली. थोड्या वेळानं स्क्रीनवर माप आलं. तिनं बघ म्हणून खुणावलं. मी खिडकीतनं बाहेर बघत ऱ्हायलो आन् म्हणालो, तू बघितलंस न्हवं, मग झालं. किती होतं ते मला अजून ठाव न्हाय. रात्री इंदापूरला ओवाळलं तिनं. चंद्र उगाच खिडकीत येऊन बसला होता, त्याला काय मिळालं न्हाय. अनारसे मातूर दगड झाले होते. चार खाल्ले.

सुखी ऱ्हा, मामाला इसरू नगंस.

तुझा,
हिंदुरावमामा

* * *

बारामती
ता. १५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राजेश्वरीस, अ. उ. आ.

तू मला परत सोडून गेलीस त्याला तीन आठवडे झाले. तवापासनं गाडी फकस्त मंडईला जाते असं दाजींच्या पत्रावरनं कळलं. ही काय बरी गोष्ट न्हवं. तेवढ्यात इंजिन तापत न्हाय. तापलं न्हाय तर माप येत न्हाय. आन् ऑइल आठवड्याला एकदा तरी बघावंच, हे छत्तीस वर्षांचा मेकॅनिक सांगतोय. मी हिशोब केला. निमगावपर्यंत गेलीस तर कमी पडतं. बारामतीपर्यंत आलीस की बरुबर पुरतं.

अंगणातली जुनी फरशी काढली. मुरूम टाकला, धुमसानं ठोकून बसवला, वरनं गवंड्याकडनं नवा कोबा करून घेतला. काल मधोमध परात भरून ठेवली. मी एका अंगानं वाकून बघितलं, कौसल्यानं दुसऱ्या अंगानं. थेंब हलला न्हाय.

रविवारी ये. ऑइल बघू.

तुझा,
दादा