चार खुंट्या

दि. १२ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला मी नुसतं हो म्हणतो, हे तू ओळखलंस. तेव्हा पत्रच बरं.

आज नगरपालिकेत बांधकाम परवान्याचा अर्ज दिला. घराच्या पश्चिमेला, जिन्याच्या दारापासून कुंपणापर्यंत, एक खोली आणि न्हाणी. त्या बाजूला कुंपणाला लागून बांधायची मुभा आहे, पलीकडे पाण्याच्या टाकीची मोकळी जागा. तुझ्या वहिनीचा खुबा मोडला त्याला सहा महिने होत आले. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलं आहे, पण रोज सपाट जमिनीवर चालली नाही तर यंदाच पाय आखडेल, आणि मग तो सुटायचा नाही. वर दोन खोल्या आणि मध्ये उंबरा. खाली यायला चौदा पायऱ्या, त्यांतल्या वळणावरच्या तीन तिरप्या. माझ्या बाइंडिंगच्या खोलीत तिला आणावं तर कटिंग मशीन जमिनीत रोवलेलं, आणि खाली संडास नाही.

अर्जाला अडतीस कागद झाले. लोक टाचणी मारून देतात. मी पुठ्ठा घालून, शिवून दिला. आवकच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या की आजोबा, हा काय लग्नाचा अल्बम आहे का. सगळ्यात वर अप्पांनी काढलेला घराचा मूळ नकाशा लावला आहे. पाणीखात्यात अप्पांसारखा आरेखक पुन्हा झाला नाही असं तिथे अजून म्हणणारे आहेत. रेघ बघ, केसाएवढी.

दोन महिन्यांत परवाना येईल असं म्हणतात. तुझा लोभ आहे तोवर मला काळजी नाही.

तुझा
दादा


दि. २१ जानेवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

अर्ज शिवून दिलास हे वाचून सूनबाईला हसू आवरेना. मी तिला सांगितलं की लहानपणी माझं प्रगतिपुस्तक फाटलं तर यानं ते इतकं घट्ट शिवलं होतं की अप्पांना माझे गणिताचे गुण दिसलेच नाहीत. तेवढं एकच पुण्य तुझ्या खात्यावर आहे.

वहिनीला सांग, खोली झाली की मी महिनाभर येऊन राहणार आहे. तिला माझ्याकडे आण असं म्हणायची सोय नाही. मीच मुलाच्या घरी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते.

अप्पांचा नकाशा अजून आहे हे मला माहीत नव्हतं. घराची आखणी झाली तेव्हा तू मामाकडे होतास. मी होते. चुन्याची पांढरी फक्की हाताला लागली की दिवसभर जात नसे.

वहिनीस नमस्कार. दोघांचा आशीर्वाद असू द्या.

तुझी
बारकी


दि. ९ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज आनंदाची बातमी. ओव्हरसियर मोजणीला आला होता. नकाशात पश्चिमेला दहा फूट मोकळे आहेत. टेप लावली तर तेरा भरले. पुन्हा लावली, तेराच. म्हणजे न्हाणीचं दार रुंद होईल आणि चाकाची खुर्ची आतल्या आत वळेल. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, अप्पा आपल्यासाठी तीन फूट बाजूला ठेवून गेले. ती म्हणाली की मग खिडकी टाकीच्या बाजूला करा, तिथे बगळे बसतात. आता ती रोज वरच्या खोलीत उंबऱ्यापर्यंत चौदा वेळा जाऊन येते. पायऱ्या किती तेवढ्या, म्हणते.

पूर्वेची बाजू मोजायची राहिली. शेजारच्या चष्मेवाल्यानं तिकडे सामान रचलं होतं. पुढच्या आठवड्यात होईल.

अशीच मायेनं लिहीत राहा.

तुझा
दादा


दि. १९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. पूर्वेची बाजू मोजायलाच हवी का? एकदा मोजून गेला ना तो. तू आपणहून आठवण करू नकोस.

माझे गुडघे बरे आहेत. आज जास्त लिहीत नाही. लोभ राहू दे.

तुझी
बारकी


दि. ६ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पूर्वेला सात फूट भरले. दहा हवेत.

पश्चिमेला जे तीन फूट जास्त निघाले ते पूर्वेचे होते. सगळं घर मंजूर नकाशापेक्षा तीन फूट पूर्वेला उभं आहे. ओव्हरसियर म्हणाला की जुनं घरच नकाशाप्रमाणे नाही, तर नव्या खोलीचं विचारूच नका. मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली असेल. त्यानं घराचे दोन्ही कर्ण मोजून दाखवले. सुतावर जुळतात. चूक असती तर भिंत तिरकी गेली असती, असं त्याचं म्हणणं. घर काटकोनात आहे, म्हणजे ठरवून सरकवलं आहे. मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाला की तुमचे वडील नकाशे काढायचे ना, त्यांना बरोबर माहीत असणार शेजाऱ्याचे तीन फूट कसे खायचे.

 चाळीस वर्षं मी या गावातली रजिस्टरं शिवली. कुणी म्हटलं असतं की तुझं पान वाकडं बसलं, तर मी ऐकून घेतलं असतं. पण अप्पा. ऑफिसची पेन्सिल घरी आणली म्हणून मला दारात उभं करणारे अप्पा.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही. ती खिडकीला पडदा कसला लावायचा ते विचारते. मी बाइंडिंगच्या खोलीतच जास्त वेळ बसतो. वरच्या खोलीत भिंतीवर अप्पांचा फोटो आहे आणि त्याच्याखालीच माझं पान वाढलेलं असतं. जेवण उतरत नाही.

तू का लिहीत नाहीस? लोभ आटला की काय.

तुझा
दादा


दि. १५ मार्च

ती. दादास शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र बसून वाच.

अप्पांनी काही केलं नाही. मी केलं.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. प्लॉटवर पश्चिमेकडे तुतीचं झाड होतं, तुला आठवत असेल. अप्पांनी चार खुंट्या ठोकल्या, दोरी ओढली, फक्की टाकली. पश्चिमेची रेघ तुतीच्या बुंध्यावरून गेली. मी विचारलं तर म्हणाले की झाड उद्या पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाया खणायला माणसं येणार होती, आणि अप्पांना पहाटेच पंपावरचं बोलावणं आलं. संध्याकाळी परत येणार होते.

मी टेप घेऊन गेले. एकच खुंटी हलवली तर आकार बिघडतो, हे त्यांच्याकडे बघून मला कळत होतं. म्हणून चारही खुंट्या उपटल्या आणि तीन-तीन फूट पूर्वेला ठोकल्या. टेपचं एक टोक दगडाखाली धरून कर्ण मोजले. पहिल्यांदा बोटभर फरक आला. पुन्हा ठोकल्या. जुळले. जुनी फक्की पायानं पुसून नवी टाकली. गवंडी आला, त्यानंही कर्ण मोजले, आणि मान डोलावली.

त्या मान डोलावण्याचा मला किती अभिमान वाटला होता, दादा. मी शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. वर्गात नकाशा लावला की दर वेळी तो गवंडी आठवायचा.

अप्पा आले तेव्हा पाया खणून झाला होता. झाड वाचलं कसं हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं का, ते मला आजवर ठाऊक नाही. तुती चार वर्षांत कीड लागून गेली.

तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हाच मला उमगलं होतं. लिहायला महिना गेला, तो तुझ्या नजरेतून उतरायच्या भीतीनं. वहिनीच्या पायाचा एक महिना मी असा खाल्ला. आता तुला वाटेल ते कर. फोटोखाली जेव.

लोभ ठेव असं म्हणायचं तोंड नाही.

बारकी


दि. ३ एप्रिल

चि. बारकीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. राग आला, तो एक दिवस टिकला. रात्रीचं जेवण फोटोखाली जेवलो.

तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली की नऊ वर्षांच्या पोरीला जे जमलं ते यांच्या ओव्हरसियरला जमेल का विचारा.

आज नगरपालिकेत गेलो. अप्पांवर तसला ठपका ठेवून मी खोली मागणार नव्हतो. तुझं पत्र फाइलला लावायचं आहे असं सांगितलं. आवकच्या बाईंनी टाचणी पुढे केली. टाचणीचा कागद पडतो, हरवतो. मी दाभण आणि मेणाचा दोरा घेऊनच गेलो होतो. त्यांच्या टेबलावर फाइल उघडून पत्र आत शिवलं, पाच टाके, मागून गाठ. बाईंनी प्रत्येक पानावर शिक्का मारून आकडा घातला. तुझं पत्र पान एक्केचाळीसपासून सुरू होतं. आता ते कुणाच्या बापाला काढता येणार नाही.

खरं काय ते कागदावर आलं. आता साहेबांकडे जाईल. तुझ्यावर माया होती तेवढीच आहे.

तुझा
दादा


दि. २४ मे

बारके,

साहेबांनी बोलावलं होतं. माणूस चांगला आहे. मला आधी बसायला सांगितलं, मग शिपायाला बाहेर जायला सांगितलं.

त्यांनी अप्पांचा नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले की इतकी सुंदर रेघ त्यांनी फार दिवसांत पाहिली नाही. जुन्या घरांत दोन-तीन फूट इकडेतिकडे निघतातच. मोजणीतली तफावत असा शेरा मारून ते सही करणार होते. आजारी माणसाची खोली आहे, कोण विचारायला येतंय. मार्चमध्ये फाइल आली असती तर तेव्हाच केली असती. पण पान एक्केचाळीसवर लिहून दिलं आहे की घर हातानं सरकवलं. हे वाचून सही केली तर त्यांची नोकरी जाते. न वाचल्यासारखं करता येत नाही, कारण पान तिथे आहे.

मग त्यांनी पान धरून हळूच ओढून पाहिलं. दोनदा. माझ्याकडे बघितलं.

माझी शिलाई आहे, बारके. ओढून निघत नाही. कापलं तर काठ राहतो, आणि पुढे-मागे आकडे आहेत. मी म्हटलं, टाके उसवून देतो. ते म्हणाले की शिक्के कसे उसवाल.

नामंजुरीचा कागद हातात देताना ते उभे राहिले. अर्ज पुन्हा करता येणार नाही, आधी घराची पूर्वेची भिंत तीन फूट मागे घ्यावी लागेल. त्या भिंतीवर सगळा वरचा मजला आहे.

टाचणीनं लावलं असतं तर निघालं असतं.

दादा


दि. ३० जून

प्रिय वन्सं यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमची तीन पत्रं आली. हे उत्तर लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे, पडल्या पडल्या लिहिते आहे. मला तुमचा राग नाही. तुम्ही प्रत्येक पत्रात तेच विचारता, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. त्यांचाही नाही. रागवायचं तर स्वतःवर, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे, आणि त्या कामातही ते फार नेटके आहेत.

डॉक्टर परवा येऊन गेले. पाय वाकवून पाहिला, तो वाकला नाही. आता चालण्याचा आग्रह धरू नका, म्हणाले. मी उंबऱ्यापर्यंतच्या फेऱ्या मागच्या महिन्यातच सोडल्या होत्या. यांना सांगितलं नव्हतं. खाली यांना पावलं ऐकू यावीत म्हणून मी काठी तेवढी आपटत होते. यांना ती ऐकू येत नव्हती हे मला नंतर सुचलं.

गेल्या आठवड्यात यांनी फक्कीचं पोतं आणलं. चार खुंट्या तासल्या आणि पश्चिमेला खोली आखली. माझा पलंग खिडकीशी आहे, तिथून सगळं दिसतं. खोली, न्हाणी, न्हाणीचं रुंद दार. वरून ती अगदी अप्पांच्या नकाशासारखी दिसते. काम संपलं की हे खुर्ची घेऊन जातात आणि आत बसतात. रेघ ओलांडत नाहीत, दाराच्या जागी सोडलेल्या फटीतूनच जातात. चष्मेवाल्यांनी विचारलं की इथे काय येणार. काही नाही म्हणाले. वाऱ्यानं फक्की उडाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकतात.

काल त्यांनी मान वर करून मला विचारलं की खिडकीतून बगळे दिसतील ना.  मी हातानं खूण केली की सगळी खोली एक फूट डावीकडे घ्या. त्यांनी चारही खुंट्या उपटल्या, पुन्हा ठोकल्या, टेपचं एक टोक दगडाखाली ठेवलं आणि कर्ण मोजले. मग वर बघून मान डोलावली.

हे पत्र तेच टपालात टाकतील. वाचणार नाहीत, पण पाकीट नीट चिकटलं आहे की नाही ते बघतील. तुमची पत्रं येत राहू द्या. ती मी उशाखाली सुटीच ठेवते.

तुमची
वहिनी