बाबांनी काढलेले पत्रे

प्रिय ताईस,

बाबांसमोर तोंड उघडायचं नाही, हे शिकतच आपण दोघं वाढलो. मी पुढे सभा गाजवल्या, पण घरात अजून मुकाच आहे. आज मात्र बोलणार आहे.

मी खुशाल आहे. जेवणखाण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांनी मला दिलेली व्हॅन चढावर खोकायला लागली होती. कार्बोरेटर धुतला, तरी तेच. मग प्लग काढून पाहिले, तर तिसऱ्या सिलिंडरचा पांढराफटक निघाला, म्हणजे आत भट्टी पेटलेली. इंजिन उघडलं, तर आतला व्हॉल्व्ह जळून त्याला तडा गेला होता. तो तुटला असता तर इंजिन जाम होऊन धावत्या गाडीची चाकं जागीच अडकली असती.

कारण आपल्या घरातलंच आहे. "इंजिनाला मोकळा श्वास घेऊ दे," म्हणत बाबांनी माझ्या आणि तुमच्याकडच्या, दोन्ही व्हॅनच्या इंजिनांवरचे पत्रे काढले होते. या इंजिनात थंड ठेवायला पाणी नसतं. पंख्याचा वारा त्या पत्र्यांच्या आधारानेच सिलिंडरपर्यंत पोचतो. श्वासाच्या नावाखाली आपण त्याचा गळा दाबला.

तू लिहिलंस, "आपली गाडीही हल्ली चढावर खोकते. बाबा म्हणतात, म्हातारी झाली, तिच्याशी प्रेमानं बोला." ताई, त्याच गाडीतून ते तुझ्या पोरांना टेकडीवरच्या शाळेत नेतात.

त्यांना समजावत बसू नकोस, ते ऐकणार नाहीत. हे पत्र खाली ठेव आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घे.

तुझा धाकटा