द्राक्षबागेतली बिनमाणसाची गाडी

आप्पा,

तुम्ही, तुमचे जोडीदार आणि तुमच्यामागे द्राक्षबागांतून पाठीवरच्या पंपाने औषध फवारत राहिलेले सगळे, तुमच्यासाठी हे लिहिते आहे. आपलं गाऱ्हाणं एकच. घड परदेशी जाताना त्यावर औषधाचा अंश किती राहिला हे प्रयोगशाळेत तपासतात. फवारणाऱ्याच्या छातीत किती राहिला हे कधी कुणी तपासलं नाही. तुम्ही खोकत खोकत गेलात आणि लोक म्हणाले, वय झालं होतं. वय कुठे झालं होतं, आप्पा?

परवा चांदवडकडच्या एका बागेत माणसाविना चालणारी फवारणीची गाडी पाहिली. खाली रबरी पट्टे, वर टाकी, दोन्ही अंगांना औषध उडवणारी नोझल. कंपनीचा माणूस बांधावरून रिमोट दाबतो आणि ती मांडवाखाली एकटी शिरते. तिच्या अंगावरून औषध निथळत होतं आणि मला तुम्ही दिसत होतात : भिजलेली टोपी, औषधानं निळसर झालेल्या भुवया, घरात न येता अंगणातूनच पाणी मागणारे. मी एकदा तोंडाला बांधायला रुमाल आणला, तर केवढे रागावलात. "तोंड बांधलं तर तुंबलेलं नोझल फुंकू कशानं?"

देवळालीच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेले आमचे शेजारी सांगतात, फौजेत सुरुंगाचा संशय असला की आधी अशी गाडी पुढे घालतात, मग जवान. बरोबरच आहे. जवानाचा जीव मोलाचा. मग तुमचा कोणत्या भावाचा होता?

परवा बागेत हेच मनात घोळत होतं, तेवढ्यात गाडीचं नोझल तुंबलं. तुमचे जुने जोडीदार बांधावर बसले होते. ते उठले, नोझल काढलं आणि सरळ तोंडाला लावून फुंकलं.

"काका, थुंका आधी!" मी ओरडले.

"लय वरडू नको, पोरी. मशीनला तोंड नाय, म्हणून माझं दिलं उसनं."

सगळे हसले, काकाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सभेत ही गाडी हाकलून लाव. नायतर हंगामात आम्ही करायचं काय?"

फवारणी मजुरांच्या आपल्या संघटनेची ती सभा उद्या आहे आणि बोलायचं मला आहे. गाडी हाकलली तर काकांची छाती जाते, नुसती येऊ दिली तर मजुरी जाते. मी ठरवलंय, गाडी येईल; पण बांधावर रिमोट घेऊन फवारणाराच उभा राहील, आणि दिवसाची मजुरी त्यालाच मिळेल. काकांना हे लगेच पटणार नाही. तुम्हालाही पटलं नसतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, सभेतही वाचायचं नाही. हजार माणसांपुढे न अडखळणारी तुमची लेक मी, पण तुमचा विषय निघाला की माझा आवाज जातो. म्हणून तो इथेच काढून घेतला. उद्या एवढंच सांगेन : भावांनो, रिमोट आपल्या हाती येईपर्यंत एकानेही पंप उचलू नका.