तीन खाड्यांचा नियम

३ फेब्रु.
मूल्यमापनाची प्रश्नावली संपवली. नेटवर साहित्य चिक्कार, पण भाषा फारच ऑफिसी. मुलांसाठी सोप्या हिंदीत केलं : ‘यहाँ कोई बड़ा तुम्हें ठीक से जानता है?’ फॉर्मवर नाव नाही, म्हणजे खरं लिहितील. हे म्हणतात, ‘रिटायर झालीस तरी फाइली सुटत नाहीत तुझ्या.’ म्हणू देत. गाझियाबादेत संध्याकाळचं अभ्यासकेंद्र चालवून दाखवा म्हणावं.

५ फेब्रु.
फॉर्म आले. सगळ्यांचं हो, हो, हो. एकच : ‘नहीं. यहाँ मेरा नाम किसी को नहीं पता.’
अरे? रोज हजेरी होते की! रेखा शिकवायला दिवाळीनंतर आली, पण अक्षर तिनेच ओळखलं. पूजाचं. माझ्या रिपोर्टात हजेरीत पहिली असलेली पूजा! एक खाडा नाही पोरीचा.

६ फेब्रु.
ती पूजा नाहीच. धाकटी बहीण, आरती. विचारलं तर रडायलाच लागली. ‘दीदी का नाम कट जाता.’
तीन खाडे झाले की नाव कापायचं, जागा वेटिंगवरच्या मुलाला. नियम माझा. केवढ्या तोऱ्यात केला होता! आईने पूजाला दिवाळीत एका कोठीवर, म्हणजे बंगल्यावर, झाडूपोछ्याला लावलं आणि जागा राखायला हिला बसवलं. तेव्हापासून ही बहिणीच्या नावाला ‘यस मैम’ म्हणतेय. दर शनिवारी मी हिची पाठ थोपटते, ‘शाब्बास पूजा!’ चेहरा पाहिलाच नाही का गं बाई मी? वर पूजाचं वाचन घसरलं म्हणून रेखाला झापलं. सहावीतलीच्या जागी चौथीतली वाचत होती! लाज वाटते.

७ फेब्रु.
नियमाप्रमाणे नाव कापायला हवं. पेन उचललं, ठेवलं. रेखा म्हणाली, ‘मैडम, आरती को तो आने देंगे न?’ मी काय राक्षसीण आहे का! पण पूजाचं...

८ फेब्रु.
आरतीबरोबर घरी गेले. दार उघडलं ती पूजा. आरतीने ‘दीदी’ म्हटलं म्हणून कळलं. नाहीतर नसती ओळखली, देवाशप्पथ. नुकतीच कामावरून आलेली, बाह्या अजून वर खोचलेल्या. मला पाहून इतकी खूश! आईला म्हणायचं ते सगळं विसरले.
‘मैम, मेरी हाज़िरी तो पूरी है न?’
‘बिल्कुल पूरी है.’
‘तो मैं कब से आऊँ?’
मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहत होती.